टिश्यू कल्चरमधली साखर : कोणती, किती आणि कधी बदलायची?

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे झाडाच्या पेशी बाटलीत वाढवण्याच्या, लॅबमध्ये पाय ठेवल्यावर पहिल्या आठवड्यातच एक मंत्र पाठ होतो : 'एमएस, तीस ग्रॅम साखर, पीएच ५.८'. पुढे चर्चा रंगते ती हार्मोनवर. २,४-डी किती, बीएपी किती, काढायचं कधी. साखरेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण ती मंत्रात आहेच. मग काही महिन्यांनी बाटल्या कॅलसने, म्हणजे आकार न घेतलेल्या पेशींच्या गोळ्याने, गच्च भरतात, पण भ्रूण औषधालाही सापडत नाही, आणि खापर फुटतं हार्मोनवर.

हा लिटरमागे ३० ग्रॅमचा आकडा आला कुठून? मुराशिगे आणि स्कूग ('एमएस' म्हणजे हेच दोघे) यांनी १९६२ मध्ये तंबाखूचा कॅलस भराभर वाढावा म्हणून जे मीडियम (पेशींचं पोषक मिश्रण) बसवलं, त्यातला तो आकडा आहे. वाढ हे त्यांचं लक्ष्य होतं, भ्रूण नव्हे. सोयाबीनच्या पेशींसाठी १९६८ मध्ये आलेल्या गॅम्बोर्गच्या बी-५ मीडियममध्ये २० ग्रॅमच आहे. मोहरीच्या कोवळ्या परागकणांपासून भ्रूण काढणारे लिटरमागे १३० ग्रॅम घालतात. म्हणजे ३० ही सुरुवातीची सोय आहे, नियम नाही.

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट हाती घेणाऱ्यांसाठी आणि एखाद्या रोपनिर्मिती लॅबमध्ये नव्याने रुजू झालेल्यांसाठी हे लिहिलं आहे. उदाहरण म्हणून गाजर घेतलं आहे. कायिक भ्रूण, म्हणजे बी न धरता साध्या पेशींपासून तयार होणारे भ्रूण, पहिल्यांदा नीट दिसले ते १९५८ मध्ये गाजरातच. बी स्वस्त, रोप लवकर उगवतं आणि चूक झाली तर ती महिन्याभरात कळते. शिकायला याहून सोयीचं पीक नाही.

हाताशी काय हवं

- सुक्रोज, ग्लुकोज, माल्टोज, मॅनिटॉल : प्रत्येकी लहान बाटली, लेबलवर रेणुभार आणि 'मोनोहायड्रेट' की 'निर्जल' हे वाचलेलं
- साखर न घातलेली एमएसची तयार पावडर किंवा स्वतः केलेले स्टॉक
- दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा काटा, पीएच मीटर, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं भांडं)
- ०.२२ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर
- हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर (द्राक्षबागाईतदार ब्रिक्स बघायला वापरतात तोच)
- बेनेडिक्टचं द्रावण, आयोडीनचं द्रावण, अ‍ॅसिटोकार्मिन
- साधा डिसेक्टिंग मायक्रोस्कोप
- कायमची एक वही. सुट्या कागदांवर नोंदी ठेवू नका.

१. साखरेची दोन कामं आधी वेगळी करा

बाटलीतली ऊती हिरवी दिसली तरी स्वतःचं पोट भरण्याइतकं प्रकाशसंश्लेषण ती करत नाही. तिला कार्बन बाहेरून लागतो. हे साखरेचं पहिलं काम, अन्न.

दुसरं काम पाणी ओढण्याचं. मीडियममध्ये साखर जितकी दाट, तितकं पेशीला पाणी आत घेणं अवघड. यालाच परासरण दाब म्हणतात. मुरांब्यात आवळा आकसतो तो याच ओढीने. पेशीला हा ताण ठरावीक मर्यादेत मिळाला, तर ती नुसती फुगत आणि विभागत न राहता भ्रूणाच्या वाटेला लागायची शक्यता वाढते. मर्यादा ओलांडली की वाढ खुंटते.

याखेरीज साखर हा पेशीसाठी निरोपही असतो. ग्लुकोज मुबलक असेल तर 'विभागत राहा', सुक्रोज वाढलं तर 'आता साठवायला लाग', असा ढोबळ अर्थ. बाकल्याच्या (फाबा बीन) बियांवर जर्मनीतल्या गाटर्सलेबेन इथे झालेल्या कामात हे छान दिसलं होतं : बीजपत्रांच्या पेशी विभागत असताना तिथे ग्लुकोजसारख्या साध्या साखरा जास्त, आणि पिष्ट-प्रथिनं साठू लागली की सुक्रोज जास्त. मक्याच्या एका उत्परिवर्तित वाणात सुक्रोज फोडणारं भित्तिकेतलं इन्व्हर्टेज हे विकर नसतं, आणि त्याचे दाणे बारीकच राहतात. बाटलीत आपण जे करतो ते या नैसर्गिक वेळापत्रकाची नक्कल असते.

कुठलाही निकाल हाती आला की आधी विचारा : हा परिणाम अन्नाचा, ओढीचा की निरोपाचा? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठीच आहेत.

२. ग्रॅममध्ये तुलना करू नका

नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते, म्हणून इथे थोडं रेंगाळू या.

समजा तुम्ही सुक्रोज आणि ग्लुकोज यांची तुलना करायला दोन्ही ३० ग्रॅम घातलं. सुक्रोजचा रेणुभार ३४२.३, म्हणजे ३० ग्रॅममध्ये ८७.६ मिलिमोल. ग्लुकोजचा १८०.२, म्हणजे ३० ग्रॅममध्ये १६६.५ मिलिमोल. परासरण दाब रेणूंच्या संख्येवर ठरतो, वजनावर नाही. २५ अंशांना सुक्रोजच्या बाटलीतला साखरेपुरता दाब ०.२२ मेगापास्कलच्या आसपास, ग्लुकोजच्या बाटलीत ०.४१. ग्लुकोजवर कॅलस कमी वाढला तर तो ग्लुकोज न आवडल्यामुळे की जवळपास दुप्पट ओढीमुळे, हे त्या प्रयोगातून कधीच कळणार नाही. असे कितीतरी तक्ते प्रबंधांमध्ये छापलेले सापडतात.

बरं, मोल सारखे ठेवले तर? ८७.६ मिलिमोल ग्लुकोज म्हणजे १५.८ ग्रॅम. ओढ सारखी झाली, पण सुक्रोजच्या एका रेणूत दोन साध्या साखरा असतात, त्यामुळे ग्लुकोजच्या बाटलीत आता अन्न निम्मं. अन्न सारखं करायचं तर ग्लुकोज ३१.६ ग्रॅम घालावं लागेल, आणि ओढ पुन्हा दुप्पट.

यातून वाट एकच : तीन बाटल्या ठेवा.

- सुक्रोज ३० ग्रॅम
- ग्लुकोज ३१.६ ग्रॅम (अन्न सारखं, ओढ दुप्पट)
- ग्लुकोज १५.८ ग्रॅम (ओढ सारखी, अन्न निम्मं)

तिन्हींचे निकाल शेजारी ठेवले की गोष्ट उलगडते.

लेबलकडेही लक्ष द्या. 'डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट' हे ग्लुकोजच, पण त्यात पाण्याचा एक रेणू धरून ठेवलेला असतो आणि रेणुभार १९८.२ होतो. त्यामुळे ३१.६ ग्रॅमच्या जागी ३४.७ ग्रॅम मोजावं लागतं. माल्टोज बहुधा मोनोहायड्रेट स्वरूपातच मिळतं, रेणुभार ३६०.३. सुक्रोजच्या ३० ग्रॅमला तोडीस तोड माल्टोज हवं असेल तर ३१.६ ग्रॅम घ्या. आकडा योगायोगाने वरच्या ग्लुकोजएवढाच येतो, म्हणून वहीत साखरेचं नाव आणि रेणुभार दोन्ही लिहा. नाहीतर दोन महिन्यांनी '३१.६' बघून डोकं खाजवत बसाल.

३. मीडियम करताना

साखर आधी ७००-८०० मिली पाण्यात पूर्ण विरघळवा, क्षार आणि जीवनसत्त्वं मिसळा, पीएच लावा, मग लिटरला आणा. लिटरभर पाण्यात वरून साखर ओतली तर आकारमान वाढतं. ३० ग्रॅमला फरक किरकोळ असतो, पण १३० ग्रॅम साखर जवळपास ८० मिली जागा खाते. म्हणजे तुमचं १३ टक्के मीडियम प्रत्यक्षात १२ टक्के झालेलं असतं.

तयार पावडरीच्या डब्यावर 'सुक्रोजसहित' की 'सुक्रोजविरहित' हे बघितल्याशिवाय चमचा घालू नका. दोन्ही प्रकार मिळतात आणि डबे जुळ्या भावंडांसारखे दिसतात. सहित पावडरीत वरून ३० ग्रॅम घातले की ६ टक्के होतात. उलटही घडतं, आणि साखर विसरलेली बॅच दिसायला तंतोतंत बरोबर असते.

ही शंका मिनिटात फिटते. आगर घालण्यापूर्वी एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाका. ३ टक्के सुक्रोजचं एमएस मीडियम ३ च्या थोडं वर दाखवतं, कारण क्षारही थोडी भर घालतात. साखर नसेल तर काटा तळाशीच. मात्र सुक्रोज आणि ग्लुकोज यांतला फरक हे उपकरण सांगत नाही. ते 'किती' सांगतं, 'कोणती' नाही.

४. ऑटोक्लेव्हमध्ये साखर तशीच राहत नाही

१२१ अंश, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटं. या भट्टीत सुक्रोजचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. मीडियम जितकं आम्ल, तितकं जास्त. उष्णतेत पीएच स्वतःहूनही थोडा उतरतो. याचा अर्थ, 'सुक्रोजची बाटली' म्हणून तुम्ही जी ठेवता तिच्यात तीन साखरांचं मिश्रण असतं.

फ्रुक्टोजचं प्रकरण आणखी वाकडं. ते उष्णतेत मोडून जे पदार्थ बनतात ते पेशींना मानवत नाहीत. शिवाय मीडियममध्ये अमिनो आम्लं असतील तर ग्लुकोज-फ्रुक्टोज त्यांच्याशी जुळून मीडियम तपकिरी होतं. बाहेर काढलेलं मीडियम चहासारखं दिसलं तर भांडं फार वेळ आत राहिलं असं समजा. एक लिटरचा फ्लास्क आणि पन्नास मिलीच्या बाटल्या एकाच फेरीत लावू नका, कारण फ्लास्क पुरेसा तापेपर्यंत बाटल्यांतली साखर करपलेली असते.

सक्रिय कोळसा घालत असाल तर जास्तच सावध राहा. कोळशासकट ऑटोक्लेव्ह केलेल्या मीडियममध्ये सुक्रोज खूप मोठ्या प्रमाणात फुटतं, कारण कोळसा मीडियमला आम्लतेकडे ढकलतो. कोकणात-गोव्यात नारळाचा भ्रूण वाढवण्याचं काम कुणाच्या वाट्याला आलं तर हे फार कामाचं : नारळाच्या वाय-३ मीडियममध्ये लिटरला ६० ग्रॅम सुक्रोज आणि कोळसा दोन्ही असतात. तिथे भ्रूणाला नक्की काय खायला मिळतंय हे मोजल्याशिवाय बोलू नये.

मोजायचं कसं? बेनेडिक्टची चाचणी शाळेत केलेली असते, तीच. निव्वळ सुक्रोज त्यात रंग देत नाही, ग्लुकोज-फ्रुक्टोज देतात. ऑटोक्लेव्हच्या आधीचा आणि नंतरचा नमुना दोन परीक्षानळ्यांत घेऊन गरम करा. आधीचा निळा राहतो, नंतरचा हिरवट, पिवळसर किंवा विटकरीकडे झुकतो. रंग जितका विटकरी, तितकं सुक्रोज फुटलेलं. माल्टोजला मात्र ही चाचणी लावू नका, ते मुळातच रंग देतं.

साखरांची तुलना हाच प्रयोगाचा विषय असेल तर साखर ऑटोक्लेव्हच करू नका. पाचपट दाट द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि ५०-५५ अंशांपर्यंत निवलेल्या आगराच्या मीडियममध्ये लॅमिनारखाली (निर्जंतुक हवेच्या कपाटात) मिसळा. काम किचकट आहे, फिल्टर महाग आहेत. रोजच्या सबकल्चरसाठी (पेशी ताज्या मीडियमवर हलवण्यासाठी) याची गरज नाही, पण ज्या तक्त्यावर निष्कर्ष काढायचाय तिथे हात आखडता घेऊ नका.

५. आधी सुक्रोजवर कॅलस बसवा

गाजराचं बी निर्जंतुक करून साध्या मीडियमवर रुजवा. खोडाच्या खालच्या भागाचे सेंटिमीटरभर तुकडे १ मिलिग्रॅम प्रतिलिटर २,४-डी आणि २० किंवा ३० ग्रॅम सुक्रोजच्या मीडियमवर ठेवा. चार-सहा आठवड्यांत फिकट पिवळा, भुसभुशीत कॅलस येतो. पाणचट, काचेसारखा भाग सोडून द्या. चिमट्याने उचलताना रव्यासारखा सुटणारा भाग घ्या.

हे सगळं सुक्रोजवरच करा. इथे वेगळी साखर घालण्याची हौस नको. कॅलस एकसारखा नसेल तर पुढे साखरेचा परिणाम आणि कॅलसचा स्वभाव यांची खिचडी होते.

कॅलस अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवून मायक्रोस्कोपखाली बघा. भ्रूण देऊ शकणाऱ्या पेशी लहान, दाट, एकमेकींना बिलगलेल्या असतात आणि गडद लाल रंग धरतात. लांबोडक्या, रिकाम्या दिसणाऱ्या पेशी रंग धरत नाहीत. लाल पुंजके दिसतच नसतील तर साखर बदलून चमत्कार होणार नाही.

द्रव मीडियममध्ये पेशी वाढवत असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या : पेशींच्या भित्तिकेतलं इन्व्हर्टेज मीडियममधलं सुक्रोज बाहेरच फोडतं. काही दिवसांतच फ्लास्कमध्ये सुक्रोज जवळजवळ उरत नाही आणि पेशी आधी ग्लुकोज, मग फ्रुक्टोज उचलतात. त्यामुळे उशिरा सबकल्चर केलेल्या फ्लास्कमधल्या पेशी उपाशी असतात, आणि उपाशी पेशींवर केलेला साखरेचा प्रयोग भलतंच उत्तर देतो. सबकल्चरचा दिवस ठरलेला असू द्या, गणपती असो वा दिवाळी.

६. २,४-डी काढा, पेशी विरळ ठेवा

भ्रूण यायला गाजराला २,४-डी नको असतं. पेशी बारीक जाळीतून गाळून लहान पुंजके वेगळे करा, २,४-डी नसलेल्या मीडियमने दोन-तीनदा धुवा आणि विरळ पसरा. धुण्यात कसूर झाली तर सोबत आलेलं २,४-डी आणि जुनी साखर दोन्ही प्रयोग बिघडवतात. पेशी दाट असतील तर भ्रूण बनणं दबतं.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गोल, मग हृदयाकार, मग टॉर्पेडोसारखे लांबट भ्रूण दिसू लागतात. साखरेचे वेगवेगळे प्रकार आणि मात्रा लावायच्या त्या इथून पुढे.

७. वयाप्रमाणे साखर

बियातून काढलेल्या भ्रूणांचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. हॅनिगने १९०४ मध्ये मुळ्याच्या कुळातले भ्रूण क्षार आणि साखरेवर वाढवले होते. त्यानंतरच्या कामातून निघालेला ठोकताळा असा : भ्रूण जितका कोवळा, तितकी साखर जास्त. अगदी गोल अवस्थेतल्या भ्रूणाला ८ ते १२ टक्के लागू शकते, पक्व भ्रूणाला २-३ टक्के पुरते. कोवळा भ्रूण बियात दाट रसात बुडालेला असतो. त्याला एकदम पातळ मीडियमवर टाकलं तर तो वाढ अर्धवट सोडून अकाली रुजतो आणि दुबळं, वेडंवाकडं रोप देतो. आंतरजातीय संकरात बी गळण्याआधी भ्रूण वाचवायचा असतो, तिथे हा ठोकताळा रोजच उपयोगी पडतो.

कायिक भ्रूणांना इतका ताण सहसा लागत नाही, पण दिशा तीच. गाजराचा भ्रूण २-३ टक्क्यांवर सुखाने बनतो. पक्व होताना ४-६ टक्के साखर आणि जोडीला थोडं अ‍ॅब्सिसिक आम्ल (रुजणं रोखणारं हार्मोन) दिलं, तर तो अकाली रुजण्याऐवजी साठा करू लागतो. आंब्याच्या कायिक भ्रूणांसाठी ६ टक्के सुक्रोज ही रूढ मात्रा आहे. केळीच्या भ्रूणक्षम पेशी द्रवात वाढवताना ४.५ टक्के वापरतात. भुईमुगाच्या कायिक भ्रूणांवर हार्मोन आणि साखरा यांचा एकत्र अभ्यास १९९० च्या दशकात मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाला होता. भुईमुगावर काम करणाऱ्यांनी तो शोधून वाचावाच.

८. सुक्रोज सोडायचं कधी?

बहुतेक वेळा सोडायची गरज नसते. 'नवी साखर वापरली' एवढ्यासाठी प्रोजेक्ट करू नका. काही झाडांच्या बाबतीत मात्र बदलाला भक्कम कारण आहे.

*संत्रं-मोसंबी.* साखर बदलण्याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण हेच. गॅलॅक्टोज बहुतेक झाडांच्या पेशींना मारक. पण १९७० च्या दशकाच्या अखेरीस इस्रायलमध्ये शामुती संत्र्याच्या बीजांडातल्या ऊतीपासून आलेल्या कॅलसवर गॅलॅक्टोज घातल्यावर भ्रूणांची संख्या वाढली. पुढे लॅक्टोज आणि ग्लिसरॉलनेही असाच परिणाम दिला. पेशींची भराभर वाढ मंदावली आणि त्या भ्रूणाकडे वळल्या, असा त्याचा एक अर्थ लावतात. नागपुरी संत्र्याच्या बियांतही एकाहून जास्त भ्रूण असतात, म्हणून विदर्भातल्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. लिंबूवर्गात माल्टोजही चांगलं चालतं.

*सातू, गहू, भात यांचे परागकोश.* परागकोशातून भ्रूण मिळतात हे गुहा आणि माहेश्वरी यांनी दिल्लीत १९६४ मध्ये धोतऱ्यावर दाखवलं. तृणधान्यांत मात्र सुक्रोजवर फार थोडे भ्रूण येत. १९८० च्या दशकात सुक्रोजच्या जागी माल्टोज आलं आणि सातूमध्ये चित्रच पालटलं. कारण मोठं समजण्यासारखं आहे. सातूचे कोवळे परागकण सुक्रोज फार झपाट्याने वापरतात, त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, पेशींत अल्कोहोल साठतं आणि त्या मरतात. माल्टोज सावकाश फुटतं, त्यामुळे खाणं आणि श्वास यांचा मेळ राहतो. सातूसाठी लिटरला ६० ग्रॅमच्या आसपास माल्टोज घेतात.

*मोहरीवर्ग.* साखर तीच, सुक्रोज, पण १३ टक्के. त्यातली बरीचशी साखर खाण्यासाठी नसून ओढीसाठी असते : सुक्रोजचा मोठा भाग काढून जागी पेशीत न शिरणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल ठेवलं तरी भ्रूण बनतात.

*सफरचंदाचं कूळ.* ही झाडं स्वतःच्या अंगात सॉर्बिटॉल वाहून नेतात, त्यामुळे त्यांना सॉर्बिटॉल अन्न म्हणून चालतं.

९. ओढीसाठी कंट्रोल हवाच

समजा ६ टक्के सुक्रोजवर २ टक्क्यांपेक्षा भ्रूण जास्त आले. अन्न वाढल्यामुळे की ओढ वाढल्यामुळे? तिसरी बाटली करा : २० ग्रॅम सुक्रोज अधिक २१.३ ग्रॅम मॅनिटॉल. ६ टक्क्यांतल्या जास्तीच्या ४० ग्रॅम सुक्रोजमध्ये ११६.९ मिलिमोल असतात, तेवढेच मोल मॅनिटॉलचे. ही बाटली ६ टक्क्यांच्या बाटलीसारखी वागली तर श्रेय ओढीला, २ टक्क्यांसारखी वागली तर अन्नाला.

मॅनिटॉल कुणी खात नाही असं धरून चालू नका. सेलरी मॅनिटॉल अंगात वाहते आणि वापरते, आणि गाजर सेलरीच्याच कुळातलं. म्हणून एक चौथी बाटली फक्त मॅनिटॉलची ठेवा. तिथे ऊती वाढली नाही तरच तुमचा कंट्रोल खरा. याच कारणाने सफरचंद-नाशपातीसाठी सॉर्बिटॉल कंट्रोल म्हणून चालत नाही.

१०. मोजा ते खरं

ओलं वजन फसवं असतं. साखर कमी असलेल्या मीडियमवर पेशी पाणी पिऊन फुगतात, जास्त साखरेवर आकसतात. कोरडं वजन घ्या, पण तेही एकटं पुरत नाही, कारण जास्त साखरेवर पेशी पिष्ट साठवून जड होतात. कॅलसच्या चिमटीवर आयोडीनचा थेंब टाका. काळा-निळा डाग पडला तर वजनातली वाढ कोठारातली आहे, नव्या पेशींची नाही.

मग मोजायचं काय? ग्रॅमभर पेशींमागे किती भ्रूण, त्यांत गोल किती, हृदयाकार किती, टॉर्पेडो किती, आणि शेवटी किती भ्रूणांना मूळ-कोंब दोन्ही आले. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. शेकडो भ्रूण आणि रोपं चार, अशी साखर बिनकामाची. बीजपत्रं चिकटलेले, दोनाऐवजी तीन बीजपत्रांचे, भोंग्यासारखे भ्रूण वेगळ्या रकान्यात लिहा. त्यांची फार गर्दी दिसली तर साखर किंवा २,४-डी कुठेतरी जास्त झालंय.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक उपद्रव. ग्रोथ रूमचा एसी सतत चालतो किंवा वीज जाते-येते, प्लेट सुकते आणि आगरातली साखर दाट होते. तुम्ही ३ टक्के लिहिता आणि महिनाअखेर प्लेटमध्ये ४ टक्के असतात. मीडियम ओतल्यावर दोन-तीन रिकाम्या प्लेटचं वजन करून ठेवा आणि शेवटी पुन्हा करा. घट किती ते कळेल. पॅराफिल्मचा दुहेरी पट्टा लावला तर बराच फरक पडतो.

११. वाण्याकडची साखर चालेल का?

रोपं वाढवायला, मुळं फोडायला चालते, आणि व्यापारी लॅब खर्च वाचवण्यासाठी ती वापरतातही. साखर कारखान्यांच्या मुलखात राहून रसायनाच्या भावाची साखर विकत घेणं जिवावर येतं, हे मान्य. पण आपली पांढरी साखर बहुधा गंधकाच्या धुरीने रस स्वच्छ करून काढलेली असते, आणि पोत्यागणिक तिच्यातली क्षारांची-अशुद्धीची मात्रा बदलू शकते. वापरायचीच तर गंधकविरहित शुद्ध साखर घ्या, एका हंगामाला पुरेल इतकी एकाच लॉटची घ्या आणि आधी थोड्या बाटल्यांवर आजमावा. एस-३० घ्यावी की एम-३० याने फरक पडत नाही, तो दाण्याच्या आकाराचा मामला. कॅलस आणि भ्रूणाच्या प्रयोगांसाठी मात्र शुद्ध सुक्रोजच. गूळ, खांडसरी यांचा विचारही नको.

१२. बाहेर काढण्यापूर्वी साखर उतरवा

टॉर्पेडोच्या पुढे गेलेले भ्रूण निम्म्या ताकदीच्या एमएसवर, १ ते २ टक्के सुक्रोजवर, उजेडात ठेवा. साखर जास्त असेल तर पानं स्वतः अन्न बनवण्याचा आळस करतात, आणि अशी रोपं मातीत गेल्यावर पहिल्या आठवड्यात माना टाकतात. मूळ दोन-तीन सेंटिमीटर झालं आणि पहिलं खरं पान फुटलं की रोप काढा. मुळांना चिकटलेलं आगर कोमट पाण्याखाली बोटांनी हळूच पूर्ण सोडवा. आगराचा शेंगदाण्याएवढा गोळा राहिला तरी त्यातल्या साखरेवर कोकोपीटमधली बुरशी दोन दिवसांत चढते. धुतलेली रोपं ओलसर कोकोपीटमध्ये लावून वर पारदर्शक डबा उपडा घाला आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो थोडा थोडा उचलत जा.